आधी नोंदवही, मग संकेतस्थळ: संग्रहालय-चालकांच्या प्रश्नांना उत्तरे

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील लहान संग्रहालये, शाळांचे इतिहास-कक्ष, जुनी वाचनालये आणि वाड्यांतील खासगी संग्रह यांच्याकडून येणाऱ्या पत्रांचा सूर गेली काही वर्षे एकच आहे: संकेतस्थळाचे कोटेशन आले आहे, सही करू का? त्यामुळे यावेळी निवडक पत्रांना एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या शाळेच्या संग्रहालयाचे फेसबुक पान आहे. वेगळ्या संकेतस्थळाची गरज आहे का? (कराड)

कार्यक्रमांच्या बातम्यांसाठी पान पुरेसे आहे. संग्रहाच्या नोंदींसाठी ते निरुपयोगी आहे.

प्रश्न : एका एजन्सीने दिलेल्या कोटेशनमध्ये सुरक्षा-प्रमाणपत्राचे वार्षिक शुल्क, 'गुगलवर पहिला क्रमांक' आणि दालनांचा त्रिमिती फेरफटका अशा बाबी आहेत. यातले काय घ्यावे? (सातारा)

पत्त्याच्या पट्टीत कुलूप दिसावे यासाठी लागणारे प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट' ही ना-नफा सेवा विनामूल्य देते आणि बहुतेक होस्टिंग कंपन्या त्याचे नूतनीकरण आपोआप करतात. साध्या माहितीपर संकेतस्थळाला त्यासाठी दरवर्षी वेगळे पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. गुगलवरच्या पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, त्यामुळे ती देणाऱ्याच्या उरलेल्या कोटेशनकडेही संशयानेच पाहावे. त्रिमिती फेरफटका दिसायला छान असतो. मात्र दालनातली मांडणी बदलली की तो जुना होतो आणि पुन्हा बिल येते.

कोटेशनमध्ये जे नाही तेच खरे महत्त्वाचे. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, कोणाच्या नावावर नोंदवले जाणार? ते संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर असले पाहिजे. एजन्सीच्या मालकाच्या किंवा उत्साही सचिवाच्या वैयक्तिक ईमेलवर नव्हे. मूळ छायाचित्रे आणि संपूर्ण माहितीसाठा संस्थेला परत मिळण्याची अट करारात लिहून घ्या. करार सहीपूर्वी वकिलाला दाखवा. त्याची फी पुढच्या भांडणापेक्षा स्वस्त पडते.

प्रश्न : आमच्याकडे सुमारे आठशे वस्तू आहेत. महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी सुटीत मोबाइलवर सर्वांची छायाचित्रे काढून दिली. ती आता संकेतस्थळावर चढवायची आहेत. क्रमांक आणि नोंदी सवडीने घालू, असे कार्यकारिणीत ठरले आहे. योग्य आहे ना? (विटा)

योग्य नाही. हा निर्णय कार्यकारिणीने फिरवावा, अशी माझी स्पष्ट सूचना आहे.

तुमच्या संग्रहात शिवराई नाणी असतीलच, कारण आपल्या भागातल्या बहुतेक संग्रहांत ती असतात. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', कडा झिजलेल्या, अक्षरे अर्धी ठशाबाहेर गेलेली, अशी चाळीस शिवराई नाणी एका ट्रेमध्ये ठेवून त्यांची ऐंशी छायाचित्रे काढली आणि क्रमांक दिले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी कोणती पुढची बाजू कोणत्या मागच्या बाजूची, हे छायाचित्रे काढणाऱ्यालाही सांगता येत नाही. यातले एक नाणे उद्या हरवले आणि त्या जागी बाजारातले दुसरे आले, तर तुमच्या संकेतस्थळावरून ते कोणाच्याही लक्षात येणार नाही. क्रमांक, वजन आणि व्यास यांची नोंद असेल तरच ते छायाचित्र पुरावा ठरते.

'सवडीने' या शब्दाची मला भीती वाटते. विद्यार्थी पदवी घेऊन पुण्याला जातात, ज्या ज्येष्ठ विश्वस्तांना कोणती तलवार कोणत्या घराण्याकडून आली हे तोंडपाठ असते त्यांचे वय थांबत नाही, आणि ट्रेमधली कागदाची चिठ्ठी कसर खाते. त्यामुळे क्रम असा ठेवा. आधी जुनी दाखल नोंदवही (संग्रहात आलेली प्रत्येक वस्तू जिच्यात क्रमांकासह लिहिली जाते ती) शोधा आणि तिच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून ठेवा. त्यातले दाखल क्रमांक तसेच ठेवा. ते कितीही वेडेवाकडे असले तरी नव्याने क्रमांक पाडू नका, कारण जुन्या देणगीपत्रांत आणि पावत्यांत तेच असतात. ज्या वस्तूला क्रमांक नाही तिला आज द्या. क्रमांकाआधी शून्ये घाला, म्हणजे ०००७, ००७०, ०७०० असे. नाहीतर संगणक आठ क्रमांकाच्या आधी सत्तर दाखवतो. तोच क्रमांक छायाचित्राच्या फाइलच्या नावात आला पाहिजे, तोच वस्तूशेजारी मोजपट्टीसह चौकटीत दिसला पाहिजे. प्रत्यक्ष वस्तूवर क्रमांक कसा लिहावा हे मात्र संवर्धकाला, म्हणजे जुन्या वस्तू जपण्याच्या तज्ज्ञाला, विचारल्याशिवाय ठरवू नका. चिकटपट्टी आणि मार्कर यांनी केलेले नुकसान भरून येत नाही.

नोंदींसाठी सुरुवातीला साधी स्प्रेडशीट पुरते. वस्तूचा प्रकार, साहित्य, मोजमाप, लेख किंवा खुणा, ओळखण्याजोगे व्यंग, काळ, कोठून आली, कोणत्या कपाटात आहे, एवढे रकाने असले तरी चालेल. यातले बरेचसे रकाने 'ऑब्जेक्ट आयडी' या वस्तूंच्या ओळखनोंदीसाठी १९९७ पासून वापरात असलेल्या आंतरराष्ट्रीय नमुन्यातच आहेत, आणि चोरी झाल्यास पोलीसही नेमके हेच विचारतात. 'कपाट' हा रकाना संकेतस्थळावर जाऊ देऊ नका, हे वेगळे सांगायला नको होते, पण तसे झालेले मी पाहिले आहे. स्प्रेडशीट नीट असेल तर पुढे 'ओमेका' किंवा 'कलेक्टिव्हअॅक्सेस' यांसारख्या संग्रह-नोंदींच्या विनामूल्य संगणक-प्रणालींत ती हलवता येते. त्या विनामूल्य असल्या तरी सर्व्हर आणि सांभाळणारा माणूस विनामूल्य नसतो, हे अंदाजपत्रकात धरा. केंद्रीय संग्रहालयांत वापरली जाणारी 'जतन' ही प्रणाली सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक-संशोधन संस्थेने पुण्यातच विकसित केली आहे. ती तुमच्यासारख्या संस्थेला मिळू शकेल का, हे त्यांनाच लेखी विचारा.

आणखी एक. वस्तू शंभर वर्षांहून जुन्या असतील, किंवा हस्तलिखिते पंचाहत्तर वर्षांहून जुनी असतील, तर १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो. कोणत्या प्रकारांना नोंदणी आवश्यक आहे हे पुरातत्त्व विभागाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडून समजून घ्या आणि मगच ती चित्रे जगापुढे ठेवा.

प्रश्न : मोडी कागदपत्रांचे स्कॅनिंग झाले आहे. फाइली दोन हार्ड डिस्कवर असून दोन्ही कार्यालयाच्या कपाटात आहेत. क्लाउडचा खर्च झेपेल का, यावर पुढील सभेत चर्चा आहे. (सांगली)

२००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या शहरातून हे पत्र यावे, याचे आश्चर्य वाटते. एका कपाटातल्या दोन प्रती ही एकच प्रत समजावी. आजच्या आज एक डिस्क विटा किंवा जत अशा नदीपासून दूरच्या गावी, विश्वासू व्यक्तीकडे पावती घेऊन ठेवा. त्यासाठी सभेची गरज नाही. इमारतीचा वरचा मजला ही वेगळी जागा होत नाही, कारण आग, चोरी आणि वीजदाब यांना मजले कळत नाहीत. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक गावाबाहेर, हा जुना नियम पुरेसा आहे.

खर्चाचा बाऊ करण्यापूर्वी हिशेब करा. ए-फोर आकाराचे एक पान ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) रंगीत स्कॅन केले तर असंपीडित, म्हणजे आकार न दाबलेली, टिफ फाइल सुमारे २६ एमबीची होते. पाच हजार पानांना सुमारे १३० जीबी लागतात, म्हणजे आजच्या साध्या डिस्कचा लहानसा कोपरा. संकेतस्थळावर मात्र टिफ चढवू नका, तेथे लहान जेपेग द्या. आणि वर्षातून एकदा डिस्क उघडून फाइली वाचता येतात का, ते पाहा.

प्रश्न : जुन्या सूचीतला मराठी मजकूर संकेतस्थळावर चिन्हांसारखा दिसतो. (मिरज)

तो युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेतात, नाही. रूपांतर करून घ्या आणि जोडाक्षरे व रफार माणसाकडून तपासून घ्या.

प्रश्न : चित्र आमच्या मालकीचे आहे, म्हणजे त्याचे हक्कही आमचेच ना? आणि चोरी टाळण्यासाठी छायाचित्रावर मोठा शिक्का मारावा का? (औंधजवळील एक वाचक)

चित्राची मालकी आणि स्वामित्वहक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९५७ च्या कायद्यानुसार चित्रकाराच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क त्याच्या वारसांकडे किंवा ज्याला दिला असेल त्याच्याकडे असतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यामुळे तेथे प्रश्न उरत नाही; चित्रकार सा. ल. हळदणकर १९६८ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांचा हक्क २०२८ अखेरपर्यंत चालतो. लोकांना खुल्या असलेल्या जागी कायमचे ठेवलेल्या शिल्पांच्या छायाचित्रांना कायद्यात सूट आहे, म्हणून १९८६ मध्ये निधन पावलेल्या ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांच्या औंध संग्रहालयातील शिल्पाची गोष्ट वेगळी ठरते. पण ही सूट चित्रांना नाही. 'शंभर वर्षांपूर्वीचे दिसते' हा निकष ऐकीव आहे. चित्रकाराचे निधन-वर्ष शोधा आणि शंका असल्यास स्वामित्वहक्काचे काम करणाऱ्या वकिलाचे लेखी मत घ्या.

शिक्का मारू नका. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये हक्कमुक्त कलाकृतींची लाखो छायाचित्रे कोणालाही वापरायला खुली केली, आणि आपण तीनशे रुपयांच्या स्कॅनवर संस्थेचे नाव आडवे छापतो.

प्रश्न : वाड्यातील वस्तूंची छायाचित्रे मालकांनीच मोबाइलवरून पाठवली आहेत. तशीच वापरावीत का? (वाई)

लेखी परवानगी घ्या, आणि छायाचित्रात दडलेली स्थळाची माहिती काढून टाका. नाहीतर चांदीच्या मूर्तीसोबत घराचा पत्ताही प्रसिद्ध होतो. जमिनीचे कागद असतील तर आधी कुटुंबाच्या वकिलाला दाखवा.

प्रश्न : अनुदान मंजूर होईपर्यंत काम थांबवावे का? (फलटण)

नाही. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या संग्रहालय अनुदान योजनेत डिजिटायझेशनचा समावेश आहे, पण नोंदवही लिहायला अनुदान लागत नाही. अर्ज करताना योजनेचे सध्याचे नियम मंत्रालयाकडूनच मिळवा, 'मंजूर करून देतो' म्हणणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच परत पाठवा, आणि खर्चाचा तक्ता संस्थेच्या सनदी लेखापालाकडून तपासून घ्या.