आधी त्यांचा रिपोर्ट, मग तुझी तारीख

काकू, मी 35 वर्षांची, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते. पहिले यजमान गेले. धाकट्याच्या बाळंतपणातच माझी नसबंदी झाली होती, त्याचे कागद झाशीला पहिल्या सासरी आहेत. मागायला जीभ रेटत नाही. आता पुन्हा लग्न झालंय. ह्यांचं हे पहिलंच, आणि आम्हा दोघांनाही एक मूल हवंय. नळ्या परत जोडायचं ठरलंय. सासूबाईंनी दिवाळीनंतरची तारीखही धरली आहे. ह्यांनीही तपासून घ्यावं म्हटलं, तर त्या म्हणतात, "त्याला काय धाड भरलीय?" मला त्या डाय घालून काढायच्या एक्स-रेची फार धास्ती वाटते. तयारी काय करू?

अगं, तारीख आधी मागे घे. पोट तुझं उघडायचं आणि ज्याला नुसता डबीत नमुना द्यायचाय त्याची तपासणी नको, हे मला अजिबात पटलेलं नाही. वीर्यतपासणीला ना सुई, ना भूल. 2 ते 7 दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा, बस. रिपोर्ट कमी आला तरी हाय खाऊ नका. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून तेवढ्या अंतराने परत बघतात. पण दोष मोठा निघाला तर नळ्या जोडून उपयोग नाही; टेस्ट ट्यूब बेबीचाच रस्ता राहतो, आणि त्यात नळ्या लागतच नाहीत. मग हे ऑपरेशन कशासाठी सोसायचं? सासूबाईंना तू समजावत बसू नकोस. आईशी बोलणं हे तुझ्या यजमानांचं काम आहे.

झाशीला मात्र फोन कर. तिथल्या सासूबाई तुझ्या मुलांची आजी आहेत. "जुने दवाखान्याचे कागद हवेत" एवढं म्हटलंस तरी पुरे. नळीवर रिंग टाकली, बांधून तुकडा कापला की जाळली, हे त्या कागदावर असतं आणि सगळं त्यावरच अडतं. रिंग किंवा क्लिप असेल तर नळीचं नुकसान कमी, जाळली असेल तर बरंच. टोकाची झालरच काढली असेल, तर जोडण्यात अर्थ नाही. जोडल्यावर साधारण 4 सेंटीमीटर तरी नळी उरावी, असं डॉक्टर बघतात. कागद नाहीच मिळाला तर डॉक्टरांना व्रण दाखव. बेंबीच्या लगेच खाली लहानसा आडवा व्रण असेल, तर बहुधा बाळंतपणानंतर बांधून कापलेली नळी. खात्री पोटात दुर्बीण घालून बघितल्यावरच होते.

तुझ्या रक्ताच्या तपासण्या कमलाराजा रुग्णालयात दाखवूनही सुरू करता येतील. बीजांचा साठा सांगणाऱ्या दोन तपासण्या असतात: एएमएच कुठल्याही दिवशी चालते; एफएसएच पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि त्याच सुमारास सोनोग्राफीत अंडाशयातल्या पुटिका, म्हणजे बीज असलेल्या बारीक पिशव्या, मोजतात. पस्तिशीत हे आकडे फार महत्त्वाचे, कारण साठा कमी असेल तर नळ्या जोडून वर्षभर वाट बघण्याइतका वेळ हाताशी नसतो. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड तर आहेच. रुबेलाचीही विचार: प्रतिकारशक्ती नसेल तर लस घेऊन पुढे महिनाभर दिवस राहू द्यायचे नसतात. फोलिक अ‍ॅसिडची गोळी डॉक्टरांना विचारून आधीपासूनच सुरू कर.

आता त्या एक्स-रेचं. पाळी थांबल्यावर, साधारण दहाव्या दिवसाच्या आत काढतात. काही मिनिटांचं काम. पाळीत येते तशी कळ येते, कुणाला जास्त, कुणाला कमी. तासभर आधी कुठली वेदनाशामक गोळी घेऊ, हे विचारून ठेव. आयोडीनची किंवा आधी कधी डायची अ‍ॅलर्जी आली असेल तर न विसरता सांग. पण बांधलेल्या नळीत डाय गाठीपाशीच थांबतो, पलीकडचं काहीच दिसत नाही. म्हणून काही डॉक्टर तो टाळून थेट दुर्बिणीने बघतात. "माझ्या बाबतीत तो लागेलच का?" हे बिनधास्त विचार.

सगळं जुळून ऑपरेशन झालंच, तर एक गोष्ट घरातल्या सगळ्यांच्या कानावर घालून ठेव. जोडलेल्या नळीतच गर्भ अडकायचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो. पाळी चुकली की पेढे नंतर, आधी टेस्ट, आणि सहाव्या आठवड्याच्या आसपास सोनोग्राफी. मध्येच पोटात एका बाजूला जोराची कळ आली, खांदा दुखला किंवा घेरी आली, तर रात्र असली तरी सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.