वाचा-भाषा संशोधनात नवी आहेस, तर आधी एवढं कर

मास्टर्स संपताच संशोधनात उतरतेयस, फार बरं वाटलं. भारतीय पुनर्वास परिषदेची (वाचा-उपचारकांची नोंद ठेवणारी संस्था) नोंदणी बाकी असेल तर आधी ती उरकून घे.

नव्यांची सगळ्यांत मोठी चूक म्हणजे मुलांचं बोलणं तपासायच्या इंग्रजी चाचणीचं भाषांतर करून ती मुलांवर लावणं. 'चहा'तला च वेगळा, 'चाक'मधला वेगळा. हे इंग्रजी चाचणीला कुठून कळणार? मुळशीकडचं मूल 'पाणी'ला 'पानी' म्हणालं, तर लगेच दोष लिहू नकोस. घरी आई कशी बोलते ते ऐक. मी ते ऐकलं नव्हतं, आणि पहिल्या वर्षीच्या कितीतरी नोंदी पुन्हा तपासाव्या लागल्या.

बाकी थोडक्यात:
- विषय लहान घे. 'तोतरेपणा' फार मोठा. 'तोतरं बोलणाऱ्या दुसरीतल्या मुलांचं मोठ्याने वाचन' झेपेल.
- नीतिमत्ता समितीच्या परवानगीआधी एकही रेकॉर्डिंग नको.
- खोली शांत हवी. लक्ष्मी रोडच्या गोंगाटात 'स' हरवतो.

पदांची घाई करू नकोस. महिन्यातून एकदा चौघीजणी जमा, एकाच मुलाचं रेकॉर्डिंग ऐका, नोंदी ताडून पाहा. ते जमवून आणणं हेच पहिलं नेतृत्व. शोधनिबंधावर ज्युनिअरचं नाव कुठे येणार, तेही काम सुरू होण्याआधीच ठरव. आकडेवारीचं नंतर बोलू. आधी दहा मुलं नीट ऐकून ये.