'आढळले नाही' असे लिहिण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा दोनदा वाचला. हिवताप आणि पोटातील जंत यांचा त्याच गावांत एकत्र अभ्यास करण्याचा तुझा विचार मला मनापासून पटला, कारण रक्तक्षय झालेल्या मुलाच्या बाबतीत हिवतापाचा वाटा किती आणि मातीतून अनवाणी पायांत शिरून आतड्यात रक्त शोषणाऱ्या अंकुशकृमीचा किती, हे एकाच आजाराकडे पाहून उमगत नाही. नमुन्यांची संख्या, औषधांच्या मात्रा आणि सांख्यिकी तू नीट मांडली आहेस. मला लिहायचे आहे ते तक्त्यातील ज्या रकान्यात तू 'आढळले नाही' अशी नोंद करणार आहेस, त्याबद्दल.

माझ्या पहिल्या गावपाहणीत आम्ही सकाळी शौचाचे नमुने गोळा करायचो, काटो-काट्झ पद्धतीने, म्हणजे शौचाचा जाडसर थर सेलोफेनखाली दाबून, जंतांची अंडी मोजण्यासाठी काचपट्ट्या तयार करायचो आणि बाकीची कामे उरकून संध्याकाळी सूक्ष्मदर्शकापाशी बसायचो. गोलकृमीची अंडी भरपूर दिसत, अंकुशकृमीची जवळजवळ नाहीतच. अनवाणी शेतात राबणाऱ्या, पापण्यांच्या आतल्या कडा पांढुरक्या पडलेल्या माणसांच्या गावात असे कसे होईल, हा प्रश्न मला पडायला हवा होता; तो पडला आमच्या वयस्क तंत्रज्ञांना. त्यांनी एक ताजी पट्टी अर्ध्या तासाच्या आत माझ्यासमोर ठेवली. पातळ कवचाची, लंबगोल, आत मोजक्या पेशींचा पुंजका असलेली अंडी स्पष्ट दिसत होती. तीच पट्टी दोन तासांनी पाहिली, तर त्यांचा मागमूस नव्हता. पट्टीवरचे सेलोफेन ज्या ग्लिसरॉलमध्ये भिजवतात, ते नमुना पारदर्शक करता करता अंकुशकृमीची नाजूक अंडीही दिसेनाशी करते. आठवडाभराच्या नोंदी मला रद्द कराव्या लागल्या, आणि ज्यांनी विश्वासाने नमुने दिले होते त्यांच्या दारी पुन्हा जावे लागले. म्हणून पट्टी केल्याची वेळ आणि पाहिल्याची वेळ असे दोन रकाने तुझ्या तक्त्यात घाल, आणि सूक्ष्मदर्शक गावातच घेऊन जा.

हिवतापाच्या बाबतीत हे प्रकरण आणखी गुंतागुंतीचे आहे. फाल्सिपेरम या हिवतापाच्या परजीवीच्या बहुतेक तत्काळ चाचण्या त्याचे एचआरपी-२ हे प्रथिन ओळखतात. ज्या परजीवींमध्ये त्या प्रथिनाचे जनुकच उरलेले नाही, ते अशा चाचणीतून निसटतात. पेरूमधून असे परजीवी २०१० मध्ये नोंदवले गेले आणि पुढे इतर खंडांतही सापडले. उलट, उपचार यशस्वी झाल्यानंतरही हे प्रथिन काही आठवडे रक्तात रेंगाळू शकते, त्यामुळे औषध लागू पडले की नाही याचा निवाडा या चाचणीवरून करू नकोस. त्यासाठी रक्ताची काचपट्टीच पाहावी लागते. तिच्यावर रक्ताचा एक पातळ आणि एक जाड थर देतात; ती करतानाही पातळ थर पक्का करण्यासाठी आणलेले मिथेनॉल जाड थराला लागू देऊ नकोस, कारण मग तांबड्या पेशी फुटत नाहीत आणि त्यांच्या गर्दीत परजीवी झाकला जातो.

व्हायव्हॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या प्रकारात तर रक्त निर्मळ दिसत असतानाही परजीवी यकृतात निद्रिस्त असू शकतो. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये डासाच्या जठराच्या भिंतीत परजीवी पाहिला, पण डास चावल्यापासून रक्तात दिसेपर्यंतच्या काळात तो माणसाच्या शरीरात कोठे असतो, हे कोडे शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी १९४८ मध्ये त्याला यकृतात दाखवेपर्यंत सुटले नाही. पन्नास वर्षे जाणकारांना न दिसलेली गोष्ट आपल्याला एका थेंबात दिसेल, अशी अपेक्षा आपण धरू नये. या निद्रिस्त अवस्थेवर प्रायमाक्विन द्यावे लागते, आणि त्याचा रूढ क्रम १४ दिवसांचा आहे. ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरला की गोळ्या फडताळात जातात; त्यात रुग्णाचा दोष मी मानत नाही, बरे वाटू लागल्यावर औषध का घ्यायचे हे त्याला कोणी समजावलेले नसते. मात्र जी-६-पीडी या विकराची तपासणी केल्याशिवाय हे औषध देऊ नकोस. ज्यांच्यात ते कमी असते त्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटतात, आणि तुझ्या गावांतील माणसे आधीच रक्ताने खंगलेली आहेत.

जंतांच्या औषधाविषयी एवढेच सांगतो की अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी गोलकृमीवर उत्तम चालते, पण चाबूककृमीवर ती बरीच तोकडी पडते; दोन्हींचे निकाल एकाच सरासरीत मिसळू नकोस.

प्रतिबंधाच्या भागात तू घरात भिंतींवर बसलेले डास मोजणार आहेस. हिवताप पसरवणारे काही ॲनाफिलीस डास बाहेरच चावतात आणि बाहेरच विसावतात, तेव्हा भिंत रिकामी सापडली म्हणून गाव सुरक्षित ठरत नाही. दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत घरातले कोण कोठे असते, हे आधी विचार. मच्छरदाणी टांगलेली दिसली तरी तिच्यात रात्री कोण झोपले होते, याची नोंद पहाटे कर, दुपारी नव्हे.

सर्वांत मोठी उणीव मात्र चाचणीच्या आधीच घडते. पाहणीच्या वेळी जी माणसे शेतावर, जंगलात किंवा मजुरीला दूरगावी गेलेली असतात, ती तुझ्या तक्त्यात येतच नाहीत, आणि बहुधा तीच डासांच्या आणि ओल्या मातीच्या सर्वाधिक संपर्कात असतात. त्यांच्यासाठी सूर्योदयापूर्वीची एक फेरी आणि रात्रीची एक फेरी ठेव, खर्च वाढला तरी चालेल. पहिला टप्पा संपल्यावर निकालांच्या तक्त्याआधी मला ज्या घरांची दारे बंद होती त्यांचे क्रमांक पाठव. आपण त्यांच्यापासून सुरुवात करू.

तुझा शुभचिंतक