हातखंब्याला पोलिसांनी अडवलं, आता पुढे काय?

बाळा, स्कूटर चालवताना लायसन्स जवळ नव्हतं म्हणून अडवलं म्हणतोस, पण ते घरी विसरलास की काढलंच नाहीस, हे आधी खरं सांग. विसरला असशील तर डिजिलॉकरमधलं दाखवलं तरी चालतं. काढलंच नसेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८१ लागतं: ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि स्कूटर मामाची ना? मग कलम १८० खाली मामावरही तेवढीच शिक्षा येऊ शकते.

पण दंडापेक्षा मला भीती आहे ती अपघाताची. आंब्याच्या हंगामात आमच्या चुलतभावाने पेट्या पोचवायला टेम्पो एका पोराच्या हाती दिला. पोराकडे लायसन्स नव्हतं. पावसच्या वळणावर सायकलवाल्याला धक्का लागला, पाय मोडला. विमा कंपनीने जखमीला भरपाई दिली आणि नंतर ती सगळी रक्कम भावाकडून वसूल केली. त्यासाठी त्याने आंब्याच्या कलमांची बाग गहाण टाकली, अजून सुटलेली नाही.

चलन आलंय ते भरून टाक, कोर्टाची नोटीस आली तर तारीख चुकवू नकोस. शिकाऊ लायसन्सचा अर्ज आजच कर. ते सहा महिने चालतं, तीस दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते. तोवर गाडीला लाल 'एल' लाव. आणि धाकट्याला, तो अठराचा होईपर्यंत, स्कूटरची चावी देऊ नकोस. अल्पवयीनाने गाडी चालवली तर पालकाला किंवा मालकाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे.