लेकाचे टॉन्सिल्स काढायच्या आधी

अगं, घाई करू नकोस. लेकाचा घसा कितीदा सुजला, ते आधी कालनिर्णयवर मांड. एका वर्षात 7 वेळा, किंवा सलग 2 वर्षं दरवर्षी 5 वेळा, किंवा 3 वर्षं दरवर्षी 3 वेळा, असं झालं तर डॉक्टर ऑपरेशनचा विचार करतात. माझ्या धाकटीचे तसेच ठेवले. वाढत्या वयात त्रास आपोआप ओसरला.

थोरल्याचे मात्र काढावे लागले. पहिले दोन दिवस निभावले, खरा कस पाचव्या दिवशी लागला. घशात पांढरट खपली, तोंडाला वास, कानात ठणका. कान बिघडलेला नसतो गं, घसा आणि कान यांची एक नस सामायिक असते. तो पाणी गिळेना आणि मी मायेपोटी सोडून दिलं. तिथे चुकले, घसा कोरडा पडून दुखणं वाढलं. तू घोट घोट पाजत राहा, दुखण्याचं औषध वेळेवर दे. गार मऊभात, आइस्क्रीम चालेल. बाकरवडी दोन आठवडे डब्यातच.

खपली साधारण 5 ते 10 दिवसांत सुटते. तेव्हा ताजं लाल रक्त दिसलं, तर मध्यरात्र असो की लक्ष्मी रस्त्यावर विसर्जनाची गर्दी, तडक हॉस्पिटल गाठ. त्या पंधरवड्यात पुण्याबाहेर जाऊच नका.