जुन्या काँक्रीटच्या कचेरीत अभ्यासिका होईल का?

प्रश्न : आमच्या वॉर्डात एका सरकारी खात्याची १९७४ साली बांधलेली तीन मजली कचेरी आहे. गिलावा नाही, रंग नाही, नुसतं करडं काँक्रीट. खातं दुसरीकडे गेलं आणि आठ वर्षांपासून कुलूप लागलं आहे. तिथे ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र आणि मुलांसाठी वाचनालय व अभ्यासिका व्हावी, अशी आम्हा रहिवाशांची मागणी आहे. कोणी म्हणतं पाडा. कोणी म्हणतं बाहेरून काच आणि चकचकीत पत्रे लावा. भाचा आर्किटेक्चर शिकतो. तो म्हणतो, ही 'ब्रुटलिस्ट' इमारत आहे, जशी आहे तशी ठेवा. गच्ची गळते, छज्ज्यांच्या सळया उघड्या पडल्या आहेत. आम्ही कोणाचं ऐकावं?
— एक निवृत्त शिक्षिका, नागपूर

उत्तर : बाई, (शाळेत शिकवलंत म्हणून बाईच म्हणते) तुमचं पत्र वाचून मला माझीच नोकरी आठवली. अशा इमारतींच्या दुरुस्तीत माझी एकतीस वर्षं गेली. तुमच्या इमारतीत अभ्यासिका होऊ शकेल असं मला वाटतं, आणि ती व्हावी अशी मनापासून इच्छा आहे. मात्र पाडायचं की ठेवायचं हे काँक्रीट तपासल्याशिवाय कोणीही सांगू नये, मीसुद्धा नाही.

भाच्याचा शब्द आधी घेते, कारण तो ऐकून लोकांना काहीतरी क्रूर वाटतं. फ्रेंचमध्ये 'बेताँ ब्रुत' म्हणजे कच्चं, न झाकलेलं काँक्रीट. नाव तिथून आलं. चंदीगडचं हायकोर्ट, विधानसभा आणि सचिवालय याच पद्धतीचं आहे. २०१६ मध्ये युनेस्कोने त्या परिसराला जागतिक वारशात घेतलं, आणि तिथलं कामकाज आजही चालू आहे. उलट दिल्लीच्या प्रगती मैदानावरचं प्रदर्शनाचं दालन, हॉल ऑफ नेशन्स, बघा. १९७२ मध्ये वास्तुविशारद राज रेवल आणि अभियंते महेंद्र राज यांनी तो उभा केला. एवढं स्टील परवडणारं नव्हतं, म्हणून तो प्रचंड सांगाडा मजुरांच्या हातांनी काँक्रीटमध्ये ओतला. एप्रिल २०१७ मध्ये तो पाडला. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

तुमच्या भिंतीजवळ सकाळच्या तिरप्या उन्हात एकदा उभ्या राहा. शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, फळ्यांच्या रेषा दिसतील, लाकडाची गाठ उमटलेली दिसेल, एखाद्या खिळ्याचं डोकंसुद्धा. पत्रे लावले की हे सगळं जातं. माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे : पत्र्यामागे गळती दिसत नाही. मी पाहिलेल्या एका इमारतीवर असंच आवरण चढवलं होतं. काही पावसाळ्यांनी उघडलं, तर आतल्या बीमचं खालचं कव्हर, म्हणजे सळया झाकणारा काँक्रीटचा थर, हाताने निघत होतं.

आता सळयांबद्दल. ताज्या काँक्रीटचा पीएच (क्षारतेचं माप) साडेबारा-तेराच्या घरात असतो, आणि तेवढ्या क्षारतेत लोखंड गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरतो आणि ती क्षारता संपवत जातो. पीएच नऊच्या खाली गेला की सळईचं संरक्षण गेलं. मग पाणी मिळालं की गंज धरतो, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येतो. तुमच्या छज्ज्यांचं हेच झालं असणार.

आपल्या नागपुरात यात आणखी एक भर असते : कूलर. सरकारी कचेरीच्या खिडकीत लोखंडी स्टँडवर कूलर, त्यात बोअरचं खारं पाणी, आणि ते मार्च ते जून खालच्या छज्ज्यावर ठिबकत राहणार. मी जिथे जिथे गेले तिथे सगळ्यात वाईट छज्जे कूलरच्या खालचेच निघाले. पाहणीला जाल तेव्हा स्टँडची भोकं शोधा. दुरुस्तीची अर्धी यादी तिथेच मिळेल.

तपासणीत एक गोष्ट तुम्ही स्वतः उभं राहून बघा. खांबाचा छोटा कोपरा छिन्नीने ताजा फोडतात आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण फवारतात. जिथे क्षारता अजून शिल्लक तिथे गडद गुलाबी रंग चढतो, जिथे क्षारता गेली तिथे करडं ते करडंच राहतं. पृष्ठभागापासून गुलाबी रेषेपर्यंतचं अंतर मोजायचं. रेषा सळईच्या बाहेरच असेल तर इमारतीला बरंच आयुष्य आहे. सळईच्या मागे गेली असेल तर खर्च वाढतो. सोबत हॅमर टेस्ट (पृष्ठभागावर ठोका देऊन कठीणपणा बघणं), काही ठिकाणी कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा, काढून दाबचाचणी, हे इमारतीची मजबुती तपासणारे स्ट्रक्चरल ऑडिटवाले करतीलच.

दुरुस्तीच्या ठिगळांचा रंग हमखास चुकतो. जुन्या कामात बहुधा कन्हान नदीची वाळू असेल, तिची छटा वेगळी. कंत्राटदाराला मागच्या बाजूला चार-पाच नमुने करायला लावा, एक पावसाळा त्यांच्यावरून जाऊ द्या आणि मग निवडा. घाईने सगळीकडे करडा ऑइलपेंट मारू देऊ नका.

तुमच्या मागणीत मी एक बदल करेन. पुस्तकं वर नेऊ नका. कचेरीचा स्लॅब साधारण चौरस मीटरला अडीचशे ते चारशे किलोच्या हिशोबाने धरतात. पुस्तकांच्या रॅकच्या खोलीला किमान सहाशे धरावे लागतात. रॅक तळमजल्यावर, ओल येत नाही अशा बाजूला. विरंगुळा केंद्रही खालीच, कारण जिना चढणं ज्येष्ठांना जमणार नाही. या काळातल्या कचेऱ्यांना उंच जोतं असतं. जोतं ९० सेंटिमीटर असेल तर एकास बारा या प्रमाणात उतार १० मीटर ८० सेंटिमीटर लांब लागतो, शिवाय मध्ये सपाट टप्पा. तेवढी जागा आवारात आहे का, हे आजच टेप लावून बघा. नंतर दाराशी कसातरी घुसवलेला चढ व्हीलचेअरच्या उपयोगाचा नसतो.

अभ्यासिका वर चालेल, पण उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या बाजूला. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, पश्चिमेची उघडी काँक्रीट भिंत दुपारभर ऊन पिते आणि ते आतल्या अंगाला रात्री आठ-नऊला सोडते, नेमकी एमपीएससीची मुलं बसलेली असतात तेव्हा. पश्चिमेला जिना, स्वच्छतागृहं, सामानाची खोली ठेवा. गच्चीवर आधी पाण्याचे उतार आणि पन्हाळी नीट करा, नवा कोबा (पाणी अडवणारा थर) करा आणि वर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी घाला. गळतीही थांबेल आणि वरचा मजला बसण्याजोगा होईल. इतर कशालाही पैसे कमी पडले तरी चालतील, गच्चीला कमी पडू देऊ नका.

आणि भाच्याला सोबत घ्याच. त्याच्याकडून प्रत्येक दर्शनी भिंतीचे फोटो काढून घ्या, भेगांना क्रमांक देऊन वहीत नोंदवा, पहिल्या पावसानंतर तेच फोटो पुन्हा काढा. ही वही घेऊन गेलात तर वॉर्ड ऑफिसात तुमचं म्हणणं वेगळ्या कानांनी ऐकतील. गुलाबी रेष किती मिलिमीटरवर आली, तेवढं मला जरूर कळवा. पुढचं त्यावर लिहीन.