कारण देऊ नकोस

बाबू,

तुझं पत्र मिळालं. होस्टेलवरची पोरं जबरदस्ती करत नाहीत, नुसती खर्ऱ्याची, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीची, पुडी पुढे करतात, आणि नाही म्हणायला तुला रोज काहीतरी नवं शोधावं लागतं. कधी दाढ दुखते, कधी उपास असतो, कधी घसा बसलेला असतो. आता कारणं संपली, पुढे काय सांगू, असं तू विचारतोस.

काहीच सांगू नकोस. "नको" म्हण आणि गप्प बस.

खर्ऱ्याचे तोटे मी लिहीत बसणार नाही, ते तुला ठाऊक आहेत. तुला खायचा नाही हेही मला ठाऊक आहे. घोळ पुढचा आहे. कारण दिलं की समोरच्याला वाटतं, अडचण एवढीच आहे. दाढ म्हणालास तर तो म्हणेल, तंबाखूने ठणका थांबतो. उपास म्हणालास तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुडी घेऊन हजर. दारूचंही तसंच. श्रावण पाळतो म्हणालास, तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, ग्लास तुझ्यापुढे येणारच. श्रावण संपला ना, मग आता काय? त्याचं चुकत नाही रे. मुदत तूच घालून दिली होतीस.

म्हणून सांगतो, कारण देऊ नकोस.

आपल्याकडे विदर्भात खर्रा हा पाहुणचार आहे, म्हणून हे जड जातं, हे मी मान्य करतो. पानठेल्यावर प्लॅस्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना टाकून तो घोटघोट घोटतात, आणि ती पुडी कधी एकट्याची राहत नाही. एकाने उघडली की चौघांची बोटं तिच्यात जातात. त्यात तुझं बोट नसलं की पुडीवाल्याला वाटतं, यानं मलाच नाकारलं. 2012 साली राज्यात गुटखाबंदी आली. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, अठराच्या आतल्याला द्यायची नाही, असा कायदा त्याच्याही आधीपासून आहे. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे आणि ती लोकांनी चळवळ करून मिळवली. चंद्रपुरात 2015 ला आली, 2021 ला उठली. हे कायदे हवेतच, मी त्यांच्या बाजूचा माणूस आहे. पण दोस्ताच्या खिशातून निघणाऱ्या पुडीपर्यंत कुठला कायदा पोचतो? तिथे तुझा "नको" लागतो, आणि तो बिनकारणाचाच लागतो.

"सगळेच खातात सर," असंही तू लिहिलंयस. हे वाचून मात्र माझं डोकं फिरलं. 2016-17 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले पंधरा वर्षांवरचे 24.4 टक्के लोक बिनधुराची तंबाखू खाणारे निघाले. आपल्या भागात जास्त असतील, धरून चाल. तरी राज्यात चारातले तीन खात नाहीत. ते पानठेल्यावर उभे नसतात म्हणून तुला दिसत नाहीत, एवढंच.

आता माझं ऐक. माझा एक जिवलग मित्र होता, एका बाकावर शिकलेलो आम्ही. त्याने घर बांधलं, मला जेवायला बोलावलं, आणि जेवण झाल्यावर भरल्या घरात स्वतःच्या हाताने पुडी पुढे केली. मी नको म्हणालो. "घे ना बे, आजच्या दिवस." मी पुन्हा नको म्हणालो. त्याचा चेहरा उतरला. "मास्तर मोठा झाला आता," एवढंच तो बोलला. त्यानंतर बोलणं कमी होत गेलं. पोरीच्या लग्नाची पत्रिकाही आली नाही. ते मला आजही लागतं. पोट बिघडलंय म्हटलं असतं तर काय गेलं असतं, असं घरचे अजून म्हणतात. मी नसतोच म्हणालो. त्याचा शाळकरी पोरगा दाराशी उभा राहून ऐकत होता, माझ्याच वर्गातला. पोट बिघडलं असेल तेव्हाच सर खात नाहीत, हे त्याने माझ्याकडून शिकायचं का? लोक मला आखडू म्हणतात. म्हणू देत. त्या दारात मी पुन्हा उभा राहिलो तर पुन्हा तेच म्हणेन.

तुझेही एक-दोघे दुरावतील. पण तू स्वतः उठून जाऊ नकोस. पानठेल्यावर त्यांच्यासोबत उभा राहा, चहा घे, मॅचच्या गप्पा मार, रात्री सोबत खोलीवर ये. आणि त्यांना भाषण देऊ नकोस. कॅन्सरचं भाषण हेही शेवटी कारणच आहे, आणि त्यावर त्यांच्याकडे उत्तर तयार असतं: "आमचा आजा नव्वदीपर्यंत खात होता." बस मग वाद घालत. नको म्हणजे नको. महिनाभर ते विचारतील, मग पुडी तुला वगळून फिरायला लागेल.

भाषणाला एकच अपवाद. तुझ्या खोलीतल्या त्या पोराला भाजी जराही तिखट असली की तोंड पोळतं आणि समोसा तो तोडून तोडून खातो, हे तू जाता जाता लिहिलंस. मी ते दोनदा वाचलं. त्याला तोंड पूर्ण उघडायला सांग आणि स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का बघायला सांग. जात नसतील तर सुपारीने गालाची आतली कातडी ताठरायला लागली असेल, आणि तिथूनच पुढे कॅन्सरचा धोका असतो. तंबाखू बाजूला ठेवली तरी नुसती सुपारीसुद्धा कर्करोग करते. तपासणी डॉक्टरलाच करू दे, तुम्ही अंदाज बांधत बसू नका. या आठवड्यात त्याला मेडिकल कॉलेजजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात घेऊन जा. एकट्याला पाठवू नकोस, तो वाटेतूनच परत येईल. सोडायचं मनावर घेतलं तर 1800-11-2356 वर फोन लावून दे, मोफत आहे. सकाळी लवकर निघा, चिठ्ठी काढायला रांग असते. डॉक्टर काय म्हणाले ते मला त्याच दिवशी कळव.

तुझा,
सर